बीमवरची कापसाची गादी

माझं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. सिमेंटच्या बीमवर वरून लोखंडी घण पाडायचा आणि बीम कितव्या घावाला मोडला ते लिहून ठेवायचं. आदिलाबाद शहरात मुलांना ओव्हरसियरी शिकवणारी एक सरकारी संस्था होती. तिच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची प्रयोगशाळा होती आणि तिथे मी अटेंडर होते. कुठे नोकरी करतेस असं कोणी विचारलं की मी सांगायचे, मोडतोड खात्यात. बायका हसायच्या. मला स्वतःला हसू येत नसे, पण उत्तर तयार असलं की पुढचे प्रश्न टळतात.

नोकरी मुळात माझ्या नवऱ्याची. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं तेव्हा, भाद्रपदात, तो गेला. सोमवारी कामावरून थंडी वाजते म्हणत आला, दोन गोधड्या पांघरून निजला आणि गुरुवारी दवाखान्यात संपला. हिवताप डोक्यात चढला, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या जिल्ह्यात हिवतापाचं कोणाला नवल नाही. दर पावसाळ्यात येतो, जातो. त्यामुळे पहिले दोन दिवस मी त्याला काढा पाजण्यात आणि उगाच कण्हतोस म्हणून त्याच्यावर चिडण्यात घालवले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी रडले नाही. तामसीकडच्या आमच्या गावाहून आलेल्या बायकांनी गळ्यात पडून पाहिलं, सासूने मला धरून गदागदा हलवलं, "रड वं बाई, मोकळी हो," म्हणाली. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचं काही वाटतही नव्हतं. पुढचे कितीतरी महिने मी अशीच होते. वरणात मीठ नसलं तरी जेवून उठायचे. एकदा तवा उचलताना हात भाजला तर वास आल्यावर कळलं. लोकांना वाटायचं, फार दुःख झालंय. मला तर वाटायचं, मला काहीच झालेलं नाही.

मूलबाळ नव्हतं. संस्थेच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनाने सांगितलं की मेलेल्या मुलाजिमाच्या बायकोला जागा मिळते, दरख्वास्त करा. दरख्वास्त माझ्या दिराने लिहून आणली, मी खाली दस्तखत केलं. मी मराठी शाळेतून दहावी झालेली, तेलुगू बाजारापुरती यायची. संक्रांतीनंतर हुकूम आला. दोन वर्षं कच्ची नोकरी, काम बरं दिसलं तर पक्की, आणि नोकरी आहे तोवर आमची तीच क्वार्टरची खोली. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की गावात सासूच्या हाताखाली. सासू वाईट नव्हती. पण तिच्या घरात दुधावरची साय कोणी काढायची हेसुद्धा ठरलेलं होतं, आणि ती मी नव्हते.

प्रयोगशाळेत दोन उभे लोखंडी रूळ होते आणि त्यांच्यामध्ये घण. साखळीच्या कप्पीने तो वर ओढायचा, आकड्याला अडकवायचा, दोरी खेचली की तो सुटायचा. खाली दोन टेकूंवर बीम आडवा ठेवलेला असे, पुरुषभर लांबीचा. आदल्या दिवशी बीमला चुना लावावा लागे, कारण राखाडी सिमेंटवर केसाएवढी भेग दिसत नाही, पांढऱ्यावर दिसते. पहिला घाव चार बोटं उंचीवरून, मग दर वेळी दोन बोटं वर. प्रत्येक घावानंतर वाकून भेगा शोधायच्या, त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची आणि रजिस्टरात लिहायचं. मोडला की खाली रेघ. चुन्याने माझ्या बोटांची सालं निघाली होती, ते मला मिरच्या वाटताना समजलं.

प्रयोगशाळा ज्यांच्याकडे होती ते सर किनाऱ्याकडचे तेलुगू. माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि वयाने मोठे असून मला अम्मा म्हणायचे. माणूस सभ्य. त्यांचं मन नकाशे शिकवण्यात होतं, घण त्यांच्या गळ्यात पडला होता. तरी पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नीट समजावून दिलं. वजन अलगद ठेवलं तर बीमला ते तेवढंच वाटतं. तेच वजन नुसतं टेकवून एकदम हात सोडला तर दुप्पट वाटतं. उंचावरून पाडलं तर किती पट, ते उंचीवर अवलंबून, आणि काय कशावर पडतं त्यावर. हे शेवटचं मी तेव्हा नीट ऐकलं नाही. त्यांनीही बोलताना त्याकडे लक्ष दिलं नसावं.

आणखी एक सांगायचे. मधोमध घाव बसतो तेव्हा टोकांच्या टेकूंना क्षणभर पत्ताच नसतो. मधला भाग मोडायला लागलेला असतो आणि टोकं आपली निवांत. पुढे कधीतरी हे मी शेजारच्या एका बाईला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, अगं, हे तर तुझंच झालं. मला राग आला. बीम तो बीम आणि मी ती मी. बीमला सकाळी उठून पाणी भरावं लागत नाही.

आता गादीचं सांगते. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे मुलांचा नकाशे काढायचा हॉल होता. घण पडला की पलीकडे टेबलं हादरायची, पेनं उडायची, कागदावर शाईचे डाग पडायचे. प्रिन्सिपॉलांनी दोनदा तंबी दिली होती. हे माझा नवरा होता तेव्हाचं, तो जायच्या आदल्या उन्हाळ्यातलं. तो एक दिवस घरी आला आणि म्हणाला, एक लहान गादी शिवून दे, हातभर लांब, चार बोटं जाड. आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी कापूस असतो. गावाहून आणलेला चांगला लांब धाग्याचा होता, तो मी पिंजून घेतला, जुन्या तागाच्या पोत्याचं अस्तर लावलं आणि वाकळेसारखे दाट टाके घातले. बीमच्या मधोमध, घण पडायच्या जागी, ती गादी ठेवायची. आवाज निम्म्यावर आला. पलीकडून तक्रार बंद झाली. सर येऊन पाहून गेले आणि बरं केलंत म्हणाले. नवऱ्याने मला हे सांगितलं तेव्हा मला अभिमान वाटला होता, सरकारी खात्यात माझी शिवण लागली म्हणून.

मी कामाला लागले तेव्हा गादी तिथेच होती. मी तिला ओळखलं, उचलून बीमवर ठेवलं आणि दोरी खेचली. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. सात महिने मी रोज ती ठेवत राहिले.

गादी आल्यापासूनच्या सव्वा वर्षात आमच्याकडे सगळ्यात जास्त बीम आले ते एका नव्या जिनिंग मिलचे. शहराबाहेर तिचं बांधकाम रखडत रखडत चाललेलं. वरच्या मजल्यावर गाठी बांधायची प्रेस. तयार झालेली गाठ तिथून खालच्या माळ्यावर ढकलायची. माळ्याखाली सरकीचं गोदाम, तिथे हमाल पोती भरणार. तो माळा या बीमवर उभा राहणार होता. गाठी दिवसभर आदळणार म्हणून मालकाने बीम घणाखाली तपासून घ्यायचं ठरवलं होतं. प्रत्येक खेपेतले चार नमुने आमच्याकडे यायचे, त्यांच्यावर लाल रंगाने खेपेचा आकडा घातलेला असायचा. बारा घाव सोसले की खेप पास, आणि सगळ्या खेपा पास झाल्या होत्या. अर्ध्या माझ्या नवऱ्याच्या हाताने, अर्ध्या माझ्या.

श्रावणात एका बुधवारी मी गादी घरी नेली. काही शोध लावायचा म्हणून नाही. ती घाण झाली होती आणि कापूस दबून पोळीसारखा झाला होता. घरातलं अंथरूण असतं तर मी केव्हाच उसवलं असतं. अस्तर धुतलं, कापूस उन्हात टाकला. गुरुवारी मिलच्या शेवटच्या खेपेतला एक बीम तपासायचा होता, तो मी गादीशिवाय तपासला. त्याच खेपेतला एक मंगळवारी सोळाव्या घावाला मोडला होता. हा सातव्याला मोडला, तोही असा की दोन तुकडे टेकूंवरून खाली आले.

सर म्हणाले, सिमेंट कच्चं असेल. मी रजिस्टर पाहिलं. खेप एक, ओतल्याची तारीख एक. शुक्रवारी मी गादी पुन्हा भरून आणली आणि उरलेले दोन बीम एकामागोमाग घेतले. एक गादी ठेवून, एक न ठेवता. पंधरा आणि सात. मग मी स्टुलावर बसले. नारळ दगडावर आपटला तर फुटतो, गोधडीवर आपटला तर फुटत नाही. हे कळायला कुठलीही संस्था लागत नाही, चुलीपाशी बसणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. आणि मी सात महिने घणाखाली गोधडी घालत होते.

मी तीन दिवस गप्प बसले. हे चांगल्या शब्दांत सांगता येत नाही. मला भीती वाटत नव्हती, कोणाची दयाही येत नव्हती. मी फक्त खोलीकडे पाहत होते. एक खिडकी, एक मोरी, दाराशी तुळस. हे सांगितलं तर पहिलं नाव माझ्या नवऱ्याचं येईल, दुसरं माझं, आणि मग ही खोली कोणा दुसऱ्याची होईल, एवढंच डोक्यात येत होतं. मिलमधल्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर येत नव्हते, कारण मिल अजून सुरूच झाली नव्हती.

सोमवारी दीर आला. माझ्या नवऱ्याला हा एकच भाऊ, धाकटा. दर महिन्याला तो गावाहून पायली-दोन पायली ज्वारी आणून टाकायचा, चहा प्यायचा आणि दारातच बसून जायचा. त्या दिवशी तो खुशीत होता. दसऱ्याला मिलचा मुहूर्त होता आणि सरकीच्या गोदामाची मुकादमी त्याला मिळाली होती. बारा माणसं त्याच्या हाताखाली. "दादाच्याच बीमखाली काम करून राह्यलो म्हना ना आता," तो म्हणाला. त्याला हे फार चांगलं वाटत होतं. दादाने तपासलेला माळा म्हणजे त्याच्यासाठी विषय संपला.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. मंगळवारी सकाळी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो मला तेव्हा बिनतोड वाटला. म्हणाले, अम्मा, त्या माळ्यावर पडणार काय आहे? कापूसच ना? मग कापसाची गादी घालून केलेली चाचणी चूक कशी? उलट तीच बरोबर. त्यांच्या आवाजात जीव आला. बोलता बोलता त्यांनाही ते पटत गेलं असावं. मी परत आले. दुपारपर्यंत मलाही पटलं होतं, कारण मला ते पटायला हवं होतं.

पण मी कापसाच्या घरची. दीर रात्री मिलवरच राहिला होता. संध्याकाळी तो बाजार करून गावाकडची बस धरायच्या आधी पुन्हा डोकावला, तेव्हा मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की प्रेसमधून निघालेली गाठ केवढी मऊ असते. तो हसला. मला म्हणाला:

"वयनी, गाठ काय मऊ रायते का? प्रेसमदून निंगाली का तिले लोखंडाच्या पट्ट्या ठोकते. पायावर पडली तर पाय रायत नाई. गोटा परवडला."

मग माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "काऊन विचारून राह्यल्या?"

मी त्याला सांगितलं. गादी, पंधरा आणि सात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण मी बघितलं नाही, मी खिडकीकडे बघत बोलले. तो एकच म्हणाला, दादाला हे माहीत असतं तर दादाने पहिल्यांदा येऊन सांगितलं असतं. मी म्हणाले, हो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

प्रेस नीट चालते का ते बघायला मिलमध्ये गेल्या सालच्या कापसाच्या चार गाठी बांधून ठेवल्या होत्या. आणि माळ्याचे दोन बीम शिल्लक पडले होते. दिराने मालकाला काय सांगितलं कोण जाणे, पण गुरुवारी दुपारी मिलच्या आवारात एक बीम दोन दगडांवर ठेवलेला होता, प्रेसच्या वरच्या दाराच्या बरोबर खाली. मी सरांना म्हणाले, तुम्ही फक्त उभे राहा. ते आले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. मी सकाळीच जाऊन बीमला चुना लावला होता.

पहिली गाठ पडली. जमीन हादरली, बीम जागेवर होता. मालक म्हणाला, झालं समाधान? मी खाली बसले आणि पेन्सिल काढली. मधोमध खालून तीन भेगा वर चढल्या होत्या, एक बोटभर, दोन अर्ध्यापर्यंत. मी त्यांच्यावरून रेघा ओढल्या, म्हणजे सगळ्यांना दिसाव्यात. दुसरी गाठ ढकलली. ती पडल्यावर बीम नव्हता. वाकलेल्या सळया आणि पांढरे तुकडे होते, आणि गाठ त्यांच्यावर शाबूत बसली होती, एक पट्टीसुद्धा तुटली नव्हती. हंगामात दिवसाला अशा किती गाठी पडतात ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दीर ज्या जागी उभा राहणार होता तिथे जाऊन वर पाहून आला.

मालकाने सिमेंटवाल्याला, सरकारला आणि आम्हाला शिव्या घातल्या आणि मग माणूस शहाणा असल्यामुळे माळ्याखाली सागाचे जाड खांब उभे करायला सुतार बोलावले. मुहूर्त दसऱ्याचा दसऱ्यालाच ठेवला. मिलपुरतं ते तिथे संपलं. आमच्याकडे ते संपणार नव्हतं.

प्रिन्सिपॉलांनी मला बोलावलं. सर आधीच बसलेले होते, टेबलाकडे बघत. प्रिन्सिपॉल मोठ्या मायेने बोलले. म्हणाले, बयान द्यावं लागेल. त्यात एवढंच लिही की तुझ्या नवऱ्याने कोणाला न विचारता ती गादी ठेवली. मेलेल्या माणसाला कोणी नोटीस देत नाही. मिसल, म्हणजे फाइल, बंद होईल, तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही. माझं भलं करायचीच त्यांची इच्छा होती, यात मला आजही शंका नाही. सगळ्यांचंच भलं होत होतं. फक्त जो तिथे नव्हता त्याचं नाही.

मी कागद मागितला आणि म्हणाले, मराठीत लिहीन, कारकून तेलुगूत करून घेतील. मी लिहिलं की पलीकडून आवाजाची तक्रार होती म्हणून माझ्या नवऱ्याने गादी ठेवली. ती सरांनी पाहिली होती. ती मी शिवली होती. सात महिने मीही ती ठेवत आले. कोणाला काही कळत असतं तर ती कोणी ठेवली नसती. कारकुनाने ते वाचून दाखवलं तेव्हा प्रिन्सिपॉलांनी कपाळाला हात लावला. सर मात्र म्हणाले की तिने खरं लिहिलंय. त्यांची बदली दूर कुठेतरी झाली. माझी कच्ची नोकरी आणखी एक वर्ष कच्ची झाली, पण गेली नाही. माझ्या जागी दुसरी अटेंडर आणायची तर नवी मिसल करावी लागली असती, हेही एक कारण असेल.

मी शूर होते असं कोणी समजू नये. मला त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. काही वाटत असतं तर मी बहुतेक प्रिन्सिपॉलांचं ऐकलं असतं.

मग प्रिन्सिपॉलांनी मला एक काम दिलं. गादी आल्यापासून कोणकोणते बीम तिच्यावर तपासले, त्यांची यादी करायची, म्हणजे ज्यांचे होते त्यांना कळवता येईल. त्यासाठी सरांच्या कपाटातलं जुनं रजिस्टर बाहेर निघालं, माझ्या नवऱ्याचं. मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं. माझ्या वेळी नवीन सुरू झालं होतं. त्याचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं, आकडा सातला मध्ये काट मारायची सवय. मी पानं उलटत यादी करत गेले. अक्षर पाहूनही मला काही झालं नाही.

शेवटून तिसऱ्या पानावर एक नोंद होती. मिलचे दोन बीम, एकाच खेपेचे. एकापुढे लिहिलं होतं, गादीवर, पंधरा. दुसऱ्यापुढे, गादीविना, सात. खाली दोन रेघा ओढल्या होत्या, जशा तो महत्त्वाच्या गोष्टीखाली ओढायचा. मी सर्वांत आधी पुढची पानं पाहिली. पुढचे सगळे बीम गादीवर. पानाच्या तळाशी सरांची सही. सर रजिस्टर न वाचता सही करतात हे मला माझ्या अनुभवाने माहीत होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही मनात आणलं नाही. मी तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं. तो थंडी वाजते म्हणत घरी आला त्या सोमवारच्या अकरा दिवस आधीची नोंद होती.

म्हणजे त्याला कळलं होतं. कळल्यावर अकरा दिवस तो रोज कामावर गेला, गादी ठेवली, दोरी खेचली, घरी आला, जेवला. मी यादी पूर्ण केली. ती नोंदही तिच्यात लिहिली, आकडे जसेच्या तसे. यादी तेलुगूत उतरवणाऱ्या कारकुनाला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

वर्षश्राद्धाला मी गावी गेले. पानं उठली, लोक ओसरीवर बसले आणि दीर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, जुनं रजिस्टर पाहिलं म्हणे तुम्ही, दादाचं काही भेटलं का त्यात? त्याने हे महिनाभर धरून ठेवलेलं दिसत होतं.

"त्याईले समजलं होतं," मी म्हणाले. "ताप चढला त्याच्या आदल्या शनिवारी. सोमवारी सांगनार होते, पन थंडी वाजाले लागली."

"मी म्हनलं नव्हतं का," दीर म्हणाला, आणि तिथेच तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. त्याचं समाधान झालं होतं. ते खोटं मी का बोलले याचा मला विचार करावा लागला नाही, ते आपोआप तोंडून निघालं.

पण आदला शनिवार म्हटल्यामुळे मला ते अकरा दिवस आठवू लागले. ते मी वर्षभर आठवले नव्हते. त्यात पोळा होता. पुरणपोळी केली होती, त्याने दीडच खाल्ली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी भांडी घासत होते, तो मोरीच्या दगडावर येऊन बसला आणि म्हणाला, "नोकरी सोडून गावाले गेलो तर? चालन का तुले?" मी भांड्यावरून हात न काढता म्हणाले की मी या खोलीतून हलणार नाही, तुझ्या आईच्या हाताखाली जन्मभर राहायला मी लग्न केलेलं नाही. तो बरं म्हणाला. थोडा वेळ बसला, मला घासलेली भांडी पालथी घालायला मदत केली आणि उठून गेला. मी पुन्हा विचारलं नाही, काय झालं, नोकरीत काही अडचण आहे का. माझ्या डोक्यातच आलं नाही.

ओसरीच्या खांबाला टेकून मी उभी होते. मला रडू फुटलं. असं की मला खाली बसवावं लागलं. बायका धावल्या, कोणी पाणी आणलं. मला त्याचा राग येत होता, इतका की तो समोर असता तर मी त्याला मारलं असतं. सांगून टाकायचं होतंस, मला खडसावून विचारायचं होतंस, मी चिडले म्हणून काय गप्प बसायचं. आणि त्या रागाखाली जे होतं त्याच्याकडे बघवत नव्हतं. सासू माझ्या पाठीवरून हात फिरवत इतरांना सांगत होती, रडू द्या, वर्षाने का होईना मोकळी झाली बाई. मी मोकळी झाले नव्हते. त्याने मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले होते.